वाकडा काढलास

११ जानेवारी
काही नाही! प्लमचं झाड नुसतं काळं. पहाटेचा मासळीचा लिलाव सोडून बागेत गेले, हात हलवत परत. दारात चपला काढतेय तोच सासूबाई — "उमललं?"
मी म्हटलं, "मी डोळे वटारल्यावर उमलतं का ते?"


१४ जानेवारी
कळ्या तांदळाएवढ्या. थंडीनं बोटं वाकत नाहीत.

१७ जानेवारी
शेजारच्या गाळ्यावरची माल-जा आज पुन्हा सुरू — "इतकी वर्षं झाली गं. मेलेल्याला फोटो पाठवतेस?" बांगड्यांवर बर्फ टाकत होते, मूठभर तिच्या अंगावर फेकला.
मी कुठे पाठवते! म्हातारीसाठी पाठवते. नवरा, ते-गिल, टूनाच्या बोटीवर निघाला तेव्हा बोलला होता, समुद्रावर ऋतू कळत नाही, बागेत प्लमचं पहिलं फूल आलं की फोटो पाठव. पहिल्या वर्षी पाठवला. उत्तर आलं — "वाकडा काढलास." बायकोशी बोलायची रीत ही!
पुढच्या पावसाळ्यात बोट बुडाली. एकही माणूस सापडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "सापडला नाही ना? मग फोटो पाठव." त्याच्या फोनचं बिल त्या भरतात. पितरांत त्याचं पान मांडू देत नाहीत. म्हणून दर वर्षी पाठवते. म्हातारी त्यावर जगते, माझं काय जातंय.

२२ जानेवारी
उमललं!! खालच्या फांदीवर, एकच. भोवती रिटायर झालेले म्हातारे, कॅमेरे तिकाटण्यांवर चढवून. एकजण फुलावर पाणी फवारतोय — दव म्हणे!
"ओ मावशी, सरका, डोकं येतंय तुमचं."
"झाड तुमच्या बापानं लावलंय?"
"मासळीचा वास मारतोय हो—"
"फोटोत येतो का वास? मग!"
घुसले. बोटाला खवले चिकटलेले, फोन ऐकेना. मांडीला बोट पुसलं, काढला. वाकडा आला. दुसरा काढला नाही.
पाठवला. परत आला — हा नंबर वापरात नाही.
पुन्हा पाठवला. पुन्हा तेच.
बाकावर बसले.  
घरी सासूबाईंनी विचारलं. "नाही उमललं," म्हटलं.

२३ जानेवारी
फोनच्या दुकानात जाऊन भांडले. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "घरच्यांनीच बंद केलाय. ऑक्टोबरात." तारीख दाखवली. भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं, त्यावर चंद्राची तिथी पाहिली. नवव्या महिन्याची नववी.
ज्यांच्या मरणाचा दिवस माहीत नाही, त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात.
आठवलं. त्याच दिवशी सासूबाई गाळ्यावर आल्या होत्या, चांगला मोठा मासा निवडून घेतला. "देवळात जाते." मी हसले होते — देवळात मासा? भिक्षूंना बाटवता काय!
देवळात गेल्याच नसणार. धक्क्यावर गेल्या असणार, त्याचं करायला. एकट्या.

घरी येऊन ओरडले. "मला न सांगता मारलंत त्याला?"
भांडी घासत होत्या. हात थांबले नाहीत.
"मी आशा कधीच सोडली होती गं. तू दर हिवाळ्यात धावत सुटायचीस, म्हणून बिल भरत होते."
"मी तुमच्यासाठी जात होते!"
"हो का?"
एवढंच. हो का!
मग विचारलं, आत्ताच का बंद केलात? नळ बंद केला त्यांनी. म्हणाल्या, "मी काय आता फार दिवसांची नाही. माझ्यामागं तू भरत बसली असतीस."
जेवले नाही. भांडले पण नाही.

२५ जानेवारी
बाजार.  माल-जानं गुपचूप माझ्या गाळ्यावर गरम सूप ठेवलं. प्यायले.

२९ जानेवारी
चंद्राचं नवं वर्ष. तांदळाच्या वड्यांचं सार केलं. पितरांपुढे एक वाटी जास्त मांडली. मीच. सासूबाईंनी चमचा सरळ करून ठेवला.
मग म्हणाल्या, "दाखव. उमललं होतं ना?"
फोन दिला. लांब धरून बराच वेळ बघत राहिल्या.
"वाकडा काढलायस."
"दर वर्षी मुद्दाम काढते," मी म्हटलं.