विसाव्या पातळीची नणंद आणि पहिल्या पातळीचे भाऊजी

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (अर्धाच वाकले आहे, मांडीवर फाशांची पेटी आहे.) तुमचा रक्तदाब आणि मामींची तुमच्यावरची नजर, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे सासूबाई गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घरी आल्या आणि आता ठणठणीत आहेत. बाकीचे आम्ही मात्र तुम्ही भेट पाठवलेल्या खेळामुळे अंथरूण धरायच्या बेतात होतो.

खेळ कळायला सोपा आहे म्हणालात, ते खरंच. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी जादूगार, योद्धा, चोर असं काहीतरी व्हायचं, काय करणार ते बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. पेटी माझ्या माहेरची, म्हणून सूत्रधार मी. पण पात्राची ताकद पहिल्या पातळीपासून विसाव्यापर्यंत ज्याची त्यानं निवडावी, हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत, की आमच्या घरातली माणसं तुम्ही कधी पाहिलीच नाहीत असं वाटावं. पहिल्या पातळीच्या माणसाला मांजरानं बोचकारलं तरी तो आडवा होतो, आणि विसाव्या पातळीचा माणूस बसायला जागा हवी म्हणून डोंगर सरकवतो. नणंदेनं विसावी मागितली, मोठ्या भाऊजींनी पहिली. ह्यांनी चहा करायचं काम मागितलं (घरातला एकच शहाणा).

नणंदेची जादूगारीण आल्या आल्या कामाला लागली. मी आठवडाभर डोकं खपवून दरोडेखोरांची टोळी, त्यांचा किल्ला, किल्ल्याखालचं भुयार असं सगळं रचलं होतं. तिनं चहा गाळून व्हायच्या आत टोळीचे बेडूक केले, किल्ला उचलून समुद्रात ठेवला आणि मला विचारलं, ‘पुढे?’ पुढे काय, माझं कपाळ. त्या सगळ्या वेळात भाऊजींचा कुंभार एका कुत्र्याला घाबरून रांजणात लपला होता. भाऊजी मात्र खूश. कुत्रा गेला का, असं दर थोड्या वेळानं विचारत होते.

मग मी ड्रॅगन आणला. ड्रॅगन नुसता शिंकला, तर कुंभार मेला. नणंदेनं जादूची छडी फिरवून त्याला लगेच उठवून बसवलं. आपण उपकार केले असं तिला वाटलं. भाऊजी उठले, पंचासारखा हात वर केला आणि म्हणाले, ‘मला न विचारता जिवंत का केलंस?’ आणि जे वरच्या मजल्यावर गेले, ते पुढचे दोन रविवार खेळायला खाली आले नाहीत. बहीणभाऊ जिन्यात समोरासमोर आले तर भिंतीकडे बघू लागले. मी मधला मार्ग म्हणून दोघांनाही दहावी पातळी देऊ केली. त्यानं एवढंच झालं, की दोघं माझ्याशीही बोलेनासे झाले.

शेवटी मी वर जाऊन भाऊजींना विचारलंच. (ते अग्निशमन दलात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) गच्चीच्या दाराशी बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मी दार तोडून आत शिरलो की लोकांना वाटतं, आता हे आले, आता काळजी नाही. रविवारी तरी मला घाबरू दे की.’ खाली येऊन नणंदेला विचारलं. ती वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. ती म्हणाली, ‘वहिनी, दिवसभर मी एकच वाक्य बोलते, माझ्या हातात काही नाही. रविवारी तरी असू दे ना माझ्या हातात.’ आता ह्यात कुणाचं चूक म्हणायचं, तुम्हीच सांगा. मला तर दोघांसाठीही भरून आलं, आणि सूत्रधाराला भरून येऊन चालत नाही.

हे सगळं सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, ‘ह्या खेळात जिना चढता येतो का?’ म्हटलं, मनोरासुद्धा चढता येतो. मग त्यांनी म्हातारी चोर घेतली. पातळी कुठली म्हटल्यावर म्हणाल्या, ‘ह्या दोघांना गप्प करण्यापुरती.’

त्या रविवारी भाऊजी आले. (आईनं बोलावल्यावर अख्खं अग्निशमन दल येईल.) सासूबाईंनी पहिल्याच डावात पोटच्या पोरीची जादूची छडी लांबवली आणि मनोऱ्यावर जाऊन बसल्या. फासेसुद्धा त्यांना घाबरून पडत होते. मी ड्रॅगन सोडला. कुंभार मनोऱ्याखालच्या अंगणात त्याच्या तावडीत सापडला, जादूगारीण रिकाम्या हातानं उभी. सासूबाईंनी वरून सांगितलं, कुंभारानं तोंडानं मदत मागितली तरच छडी खाली येईल. भाऊजी फासा बोटात फिरवत राहिले. हा माणूस धुरात बेधडक शिरतो मामा, पण ते शब्द काही त्याच्या तोंडून येईनात. मग एकदम हळू म्हणाले, ‘छोटे, वाचव गं.’ छडी खाली आली. नणंदेचे डोळे भरले होते, तरी तिनं आधी विचारलं, ‘छडी उचलू का?’ भाऊजींनी मान डोलावली, आणि तिनं ड्रॅगनला असा भिरकावला, की मला नकाशाच्या बाहेर शोधायला जावं लागलं.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. पातळीत काही नसतं, हे मला पटलं आहे. मामींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक (जमेल तितकी),
भाची

ता. क. : ह्या सगळ्या गडबडीत मला एकदाही कुणी व्हायला मिळालेलं नाही. तुम्ही महिनाभर इकडे राहायला या आणि सूत्रधार व्हा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. २ : पातळीत काही नसतं हे घरातले वाचतील म्हणून लिहिलं आहे. मला एकविसावी हवी. विसाव्या पातळीच्या पुढे नियमांच्या पुस्तकात काही नाही, हे मला माहीत आहे. मग मामा कशाला असतात?