नैसर्गिक झीज

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नळ गळायचा थांबला! वायसर मीच बदलला. पान्यात बोट चेपलं, पण माणूस बोलवावा लागला नाही. हे होते तेव्हा पान्याला हात लावू देत नसत — "तू नुसती टॉर्च धर." आता टॉर्च पिठाच्या डब्यावर ठेवते आणि काम करते.

करार या महिन्यात संपतोय. घरमालकीणबाईंचा मुलगा जितेश रविवारी उल्हासनगरहून घर बघायला येणार. येऊ दे. बेसिन तुंबत नाही, कड्या सैल नाहीत, मोरीतला दिवाही नवीन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अ‍ॅग्रीमेंट पुन्हा वाचलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. त्यामुळे लिहिलेलं काहीही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडवत नाही. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची. घर जसं घेतलं तसं परत द्यायचं — "नैसर्गिक झीज वगळून."

झीज! चांगला शब्द आहे. पाटा झिजतो, उंबरा झिजतो. कुणाचा दोष नसतो त्यात.

रविवार, ९ नोव्हेंबर

जितेश आला. चहा घेतला, नळ उघडून बघितला. "चाची, आपने तो घर चकाचक रखा है!" मग बाहेरच्या खोलीत खिडकीखाली थांबला.

"ये क्या है?"

हे आनंदनगरच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचे. आंघोळ, मग डोक्याला खोबरेल, मग त्या भिंतीला डोकं टेकून बसणं. वर्षानुवर्षं तिथेच. तांब्याच्या बुडाएवढा डाग आहे. घरातलं सगळं पुसते मी, तेवढं सोडून.

म्हटलं, "ती नैसर्गिक झीज आहे."

"झीज मतलब?"

"घिसना. वापरून वापरून."

तो हसायलाच लागला. "चाची, घिसने से तो कम होता है. इधर तो चढ गया है!"

मलाही हसू आलं. बरोबरच होतं त्याचं.

जाताना मात्र चप्पल घालता घालता म्हणाला, "मम्मी को फोटो दिखाना पडता है. दीवार साफ करवा लो, फिर साइन करते हैं. दूसरी पार्टी भी पूछ रही है."

सोमवार, १० नोव्हेंबर

अनुयाचा बदलापूरहून फोन. "आई, सोड ना ते घर! तुझी खोली तयार आहे इथे. नळ गळला तर प्लंबर येतो, तू नुसती आरामात बस."

मुलगी गुणाची, जावईही. पण बसू कुठे, हे तिला कसं सांगू?

डाग ठेवला तर घर जाईल. घर गेलं की नवीन माणूस पहिल्याच दिवशी रंग काढेल. म्हणजे डागही जाणार. कालपासून हाच हिशेब करतेय, उत्तर बदलत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काही केलं नाही. डागापाशी बसून पेपर वाचला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रंगाचा डबा आणि ब्रश आणला. दुकानदाराने विचारलं, भिंतीला काय झालंय? म्हटलं, जुनी झालीय. नवऱ्याच्या डोक्याचं तेल — असं दुकानात चार लोकांत सांगतात का!

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी साबणाने घासली. फडका नाकाशी धरून बघितला — नुसता साबण. मग ब्रश. एक हात सकाळी, दुसरा दुपारी. रडेन असं वाटलं होतं. पण सगळं लक्ष खिडकीच्या कडेला रंग लागू नये यातच! मान अवघडली. काम मात्र सुरेख झालं. अनुयाला फोटो पाठवला. "आई, तू तर प्रोफेशनल!"

पोटभर जेवले. तिथे बसले नाही. रंग ओला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

करार झाला! जितेश अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. मम्मीने फोटो बघून विचारलं म्हणे, "पेंटर कौन है? अपनी दुकान भी करवानी है." मी म्हटलं, सांग त्यांना, पेंटरला आता वेळ नाही.

एवढं लिहा-वाचायला शिकले, सही घोटली — आणि सरकारला पाहिजे अंगठाच! दोघंही खूप हसलो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

भिंत पांढरी छान दिसते. खोली मोठी वाटते. खुर्ची दाराकडे घेतली.

गुरुवार, ११ डिसेंबर

केर काढताना दिसलं. खिडकीखाली, रंगातून तेल वर आलंय. तेवढंच. तिथेच.

दुकानात जाऊन विचारलं. या वेळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाची, तेल था तो पहले बोलना था ना! उसके ऊपर प्राइमर मारना पडता है, नहीं तो निकलता ही रहेगा. डब्बा दूँ?"

नको म्हटलं.