एकतीस गोलांचा बचावपटू

आदरणीय दाजी,

सादर नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि ताईचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. (सुजेची खात्री आहे.)

मंगळवारी सकाळी पूजा आटोपून मी कारखान्याच्या फुटबॉल मैदानावर गेलो. तिथल्या कपडे बदलायच्या खोलीला माझं नाव द्यायचं ठरलं होतं, म्हणून पाटीवरची अक्षरं कशी आहेत (म्हणजे लहान तर नाहीत ना) ते बघायला गेलो होतो. ‘आक्रमक बचावपटू, एकतीस गोल’ एवढं लिहून झाल्यावर रंगाऱ्याने शिडीवरूनच विचारलं, "काका, केलेत ते कळलं. पण अडवलेत किती?" मी आठवू लागलो. तो चहा पिऊन आला तरी मी आठवतच होतो. शेवटी एक सापडला. पुढून धापा टाकत परत येताना चेंडू माझ्या पाठीवर आपटून बाहेर गेला होता. तोही मी पाहिला नव्हता.

दाजी, पायात चेंडू आला की मी देवाचं नाव घ्यायचो, मागचं सगळं त्याच्यावर सोपवायचो आणि सुसाट पुढे सुटायचो. श्रद्धा म्हणतात ती हीच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात मागे गोलात तुम्ही एकटे असायचात, आणि समोरून तिघं तिघं यायचे. लोक म्हणायचे, काय धावतो! माझं परत येतानाचं धावणं कुणी वाखाणलं नाही, कारण ते फारसं नसायचंच.

त्या शेवटच्या अंतिम सामन्यात बरोबरी होती, दोन मिनिटं उरली होती. तुम्ही ओरडलात, "अरे मेहुण्या, माघारी फिर!" मला ऐकू आलं होतं. (गोंगाटात ऐकू आलं नाही, असं मी आजवर सांगत आलो.) चेंडू गेला माझ्या पायातून, गोल झाला तुमच्यावर, आणि संघातून काढलं तेही तुम्हालाच. आता निघणाऱ्या स्मरणिकेतही ‘गोलरक्षकाची चूक’ असंच होतं. तो मजकूर मी दोनदा तपासला आणि फक्त शुद्धलेखन सुधारलं.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : रविवारी पाटीचा कार्यक्रम आहे. तुम्ही दोघांनी यावं, खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे.

आणखी एक : स्मरणिकेतलं ते वाक्य शेवटी खोडून मी ‘माझी चूक’ असं लिहिलं, आणि तसंच छापून आलं. पाटीचं म्हणाल, तर समितीने मला फार समजावलं, रंगारीही कुरकुरला. पण काल माझं नाव पुसून तिथे तुमचं लिहून घेतलं, आणि रंग वाळेपर्यंत शिडीपाशीच उभा राहिलो.