पांढरं पान

४ जुलै
ब्लॉगवर नवा लेख. वेबसाईटचं पान कुठं तयार व्हावं: साईट ठेवलेल्या सर्व्हरवर, की बघणाऱ्याच्या फोनमधल्या ब्राउझरमध्ये? ठासून लिहिलं, सगळं ब्राउझरवर सोपवा. 'तयार साडी कशाला धाडता, सूत धाडा, विणायचं ब्राउझर बघेल.' वाचून स्वतःवरच खूश. अख्ख्या खासबागेत मराठीतून हे लिहिणारा मीच!

११ जुलै
सुवर्णाचा फोन. ताईची वडगावची मैत्रीण, घरी पॉवरलूम, साड्यांची साईट तीच बघते. "दादा, साडीचं उदाहरण लई पटलं बघ. गौरीच्या आधी साईट तशीच करून टाकतो." कर की बिनधास्त, म्हणालो. गिऱ्हाईक कोण, त्यांचे फोन कसले, एका शब्दानं विचारलं नाही.

१४ ऑगस्ट
ताई सांगत होती, सुवर्णाकडे यंदा ऑर्डरीच नाहीत. बाजार मंदा असेल. असेलच. साईट उघडून बघितली, माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास.

१७ ऑगस्ट
उचगावला मावशीकडे. गौरीला नेसवायची साडी ती दरवर्षी सुवर्णाकडूनच घेते. तिच्या जुन्या फोनवर साईट उघडायला लावली. पांढरं पान. थांबलो. पांढरंच.
"मागं लिंक आलती तवा पण असंच. बंद केलं वाटतं म्हटलं, मग बाजारातनं आणली."
सूत धाडलं खरं, मावशीच्या फोनात माग कुठाय?

१८ ऑगस्ट
लेखात गुपचूप एक ओळ घुसवली, 'जुन्या फोनसाठी पान सर्व्हरवरच तयार करावं.' जणू आधीपासून होती. भित्रा आहे मी. सुवर्णाला फोन लावला, रिंग वाजायच्या आत कट केला.

२० ऑगस्ट
वडगावला गेलो, सांगायचंच म्हणून. तिच्या आप्पांनी चहा पाजला. एक माग विकायला काढलाय, इचलकरंजीचा कोणी बघून जाणार. "आमची नक्षी जुनी पडली रं. लोकास्नी आवडंना." सुवर्णा म्हणाली, "तू एवढं चांगलं सांगिटलास दादा, आमचाच माल कमी पडला."
आणि मी हो म्हणून मान हलवली. हलवली! साईट जरा बघून देतो म्हणालो आणि सटकलो. लाज वाटते.

२२ ऑगस्ट
साईट बदलली, पान आता सर्व्हरवरच तयार होतं. मावशीला फोन करून उघडायला लावली. "आगं बाई, किती साड्या! ही जांभळी आधी का न्हाय दाखवलीस रं?" सुवर्णाचा मेसेज, 'थँक्यू दादा, लई उपकार.' उपकार कसले डोंबलाचे.

२३ ऑगस्ट
दुपारी सुवर्णाला सगळं लिहून पाठवलं. नक्षीत खोट नव्हती, गिऱ्हाइकांना ती दिसलीच नाही, आणि ते माझ्या लेखामुळं. माग विकू नका म्हण आप्पांना.
तिनं लगेच वाचलं. उत्तर आलं.
'सकाळीच टेम्पोत घालून नेला दादा. नक्षीच जुनी पडली म्हणून आप्पा कसंबसं मनाला समजावून बसल्यात. आता हे सांगू त्यांना?'