चिंतनाची खोली

सोमवार, ४
शब्दकोशाच्या ऑफिसात अखेर माझ्या तोलाचा शब्द वाट्याला आला. चिंतन. अर्थ आणि वापराचं एक वाक्य, शनिवारपर्यंत. संपादकबाईंचा नियम ठरलेला: वाक्य कानांनी ऐकलेलं हवं, रचलेलं चालणार नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, पाच मिनिटांचं काम. त्याला ‘चमचा’ मिळालाय. मी आधी स्वतः चिंतन करणार, मगच लिहिणार.
संध्याकाळी ताईचा फोन. बाबांना आता एकटं ठेवणं बरं नाही. तिच्याकडे त्यांना हॉलमध्ये झोपावं लागेल. तू नेतोस का, म्हणाली. विचार करून सांगतो म्हटलं.

मंगळवार, ५
मागची छोटी खोली ताब्यात घेतली. खुर्ची, दिवा, बंद दार. पंखा करकरतो. खुर्ची हलवली. तरी करकरतो. बायको टेप घेऊन आली, भिंत मापून गेली. बाबांची कॉट खिडकीखाली मावेल म्हणते. म्हटलं, अगं, एवढा मोठा निर्णय! ती म्हणाली, खोली एवढीशी, निर्णय कसला मोठा?

बुधवार, ६
पंख्याला तेल घातलं. आता नळ ठिबकतो. वॉशर आणायला गेलो. दुकान बंद. उद्या नक्की बसायचं.

गुरुवार, ७
ऑफिसात ताईचा फोन. बाबा बॅग भरून बसलेत म्हणे. म्हटलं, चिंतन चालू आहे, झालं की कळवतो. ती म्हणाली, तू ताटावर बसूनही चिंतन करशील, भात गार होईपर्यंत. संपादकबाई समोरच होत्या. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. माझ्या बोलण्याची छाप पडते.

शुक्रवार, ८
वॉशर बसवला. बसलो. उठलो. पुन्हा बसलो. अर्थ अगदी जवळ आला होता, तेवढ्यात बायकोने दार वाजवलं. ताईला आज उत्तर हवंय. म्हटलं, उद्या.

शनिवार, ९
संपादकबाईंनी नोंद स्वतःच लिहून टाकली. चिंतन: एखाद्या गोष्टीचा शांतपणे, खोलवर केलेला विचार. वाक्य: ‘चिंतन चालू आहे, झालं की कळवतो.’ म्हणजे वाक्य माझंच. कोशात आलो!
घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, बाबा सकाळीच ताईकडे राहायला गेले. निघताना फोन केला होता त्यांनी, तू खोलीत बसला होतास. तुला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, त्याला उठवू नकोस, तो विचार करतोय.

रविवार, १०
खोली आता पूर्ण माझी. पंखा गप्प. नळ गप्प. बायकोही.
खुर्ची खिडकीखाली नेऊन बघितली. कॉट खरंच मावली असती.