लाइन चालू आहे का

परतूर
१४ डिसेंबर २००८

प्रिय मच्छिंद्रदादा,

हे पत्र बघून हसशील, की घरात इंटरनेट असताना हा येडा कागदावर लिहून राह्यला. हस. मेल केला असता तर वरच्या दोन ओळी वाचून बंद केला असतास, आणि फोन तर तू उचलत न्हाईस. कागद हातात आला की माणूस निदान शेवटपर्यंत वाचतो. सरळ सांगतो, मी तुझ्यावर भयंकर चिडलेलो आहे.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी ऐन खेळात माझी लाइन तुटली आणि आपली टीम हरली, कबूल. पण तू तुझ्या पुण्याच्या दोस्तांसमोर मला पळपुटा ठरवलंस. हरायला आला की वायर उपटतो, असं लिहिलंस आणि टीममधून काढून टाकलंस. अरे, स्क्रीनवरच्या त्या बंदुका चालवायला मला तूच शिकवलंस. लहानपणी गोट्यांतसुद्धा मी कधी लबाडी केली न्हाई, ती तू करायचास. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई.

मंग ठरवलं, लाइन का तुटते ते शोधायचं आणि तुझ्या तोंडावर मारायचं. मोडेम तापतो म्हणून दोन विटांवर ठेवला, समोर टेबलफॅन लावला. अ‍ॅडॉप्टर बदलला. उंदराने कुरतडलेला वायरचा तुकडा कापून भिंतीवरच्या डबीत नवा जोड दिला. लाइनमन बद्रीनाथला दोनदा बोलावलं. तो खांबावर चढला, मीटर लावलं, चहा घेतला आणि बाहेरची लाइन बिलकुल साफ आहे, बिघाड घरातच आहे असं सांगून गेला. मला पटलं न्हाई. दिवसभर लाइन मख्खन चालायची आणि दिवेलागणीनंतर पडायची, म्हणून मी शेजारच्या अण्णासाहेबांच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेतला. तुमची मोटार माझी लाइन पाडते म्हणून दळण घेऊन आलेल्या बायांसमोर त्यांच्याशी भांडून आलो. त्या भल्या माणसाने तीन दिवस संध्याकाळची गिरणी बंद ठेवली. लाइन तरी पडतच राहिली. आता त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो.

शेवटी वहीत वेळा लिहून ठेवायला लागलो. साडेसात. पावणेआठ. आठ. सव्वाआठला दोनदा. नऊनंतर एकदाही न्हाई. मोडेमवरचा हिरवा दिवा विझायचा, लुकलुकायचा आणि दोन मिनिटांनी परत लागायचा. मंगळवारी तो विझला तसा मी तडक उठलो, घरात कोण काय करतंय ते बघायला, आणि माजघरात आई दिसली. आठवतं का, पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तू तिच्यासाठी तिथं दुसरा फोन बसवून दिल्तास? वायर डबीतून सरळ ओढलीस, पीळ देऊन. तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं, त्यात तुझी चूक न्हाई. पुढं मी कनेक्शन घेतलं तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या फोनला फिल्टरची डबी लावली, म्हणजे बोलणं आणि इंटरनेट एकमेकांत मिसळत न्हाई, आणि आतल्या फोनला लावायची साफ विसरलो, कारण तो आईशिवाय कुणी उचलतच न्हाई. तो रिसीव्हर उचलला की इंटरनेट पडतं. एवढाच बिघाड होता.

आई कुणाशी बोलत नव्हती. रिसीव्हर कानाला लावून नुसता आतला टोन ऐकत होती. मंग तो पदराने पुसून जागेवर ठेवला आणि मला बघून म्हणाली की लाइन चालू आहे. जाताना तू तिला बजावल्तंस, ड्यूटीवर फोन करू नको, रोज साडेसातला मीच करीन. वर्षभर केलासही. दसऱ्यापासून एक न्हाई. ती तुला बोल लावत न्हाई. तिला वाटतं आपलाच फोन मेला असेल, म्हणून पोराचा लागत नसेल. म्हणून घडीघडी उचलून बघते.

आणि त्याच साडेसातला तू माझ्या स्क्रीनवर असतोस. मधे फक्त एक भिंत. तिला वाटतं मी परीक्षेचा अभ्यास करून राह्यलो. मी तिला सांगत न्हाई, कारण सांगितलं तर तिला कळेल की तुझ्याकडे वेळ आहे, रोजचा दीड तास आहे. खेळता खेळता तू आई बरी आहे का म्हणून टाइप करायचास आणि मी ओके लिहायचो. त्या ओकेची मला लाज वाटते. तुझ्याइतकाच मी माझ्यावरही चिडलोय.

काल जालन्याहून दुसरा फिल्टर आणलाय. पाच मिनिटांचं काम आहे. बसवला की आईने कितीदाही रिसीव्हर उचलला तरी आपला खेळ तुटणार न्हाई, आणि ती उचलते हे आपल्याला कळणारही न्हाई. म्हणून मी तो बसवत न्हाई. मला टीममध्ये घेऊ नको, पळपुटा म्हण, चालेल. पण हे पत्र मिळेल त्या दिवशी साडेसातला घरी फोन कर. बाहेरचा फोन मी काढून ठेवतो, म्हणजे माजघरातलाच वाजेल. दोनदा वाजवून लगेच ठेवू नको, चांगला वाजू दे. तिचे गुडघे दुखून राह्यलेत, उठायला वेळ लागतो.

तुझाच,
वसंता