कलघटगीपुढचं कंदीलफूल

अण्णा, तुमची टेकडी पुस्तकात आली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन तर त्याहून जास्त. तरी हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. सह्याद्रीच्या नकाशावर कंदीलफुलाच्या त्या जातीचे जे चार-सहा ठिपके आहेत, त्यातला सगळ्यात खालचा ठिपका कलघटगीच्या पुढचा आहे. आपला. तिथं आता वनखात्यानं राखण ठेवली आहे. ठिपक्याच्या टिपेत तुमचं नाव आहे. वाचून डोळे भरून यायला हवे होते. मी पुस्तक मिटलं आणि उगाच तांदूळ निवडत बसले.

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तुम्ही मला बरोबर घेऊन रानं तुडवायला लागलात. माझं शिक्षण सातवीपर्यंत. झाडांची शास्त्रातली नावं मी तुमच्या मागनं चालताना शिकले. श्रावण संपत आलेला असायचा. कलघटगीपर्यंत बस, पुढं दोन कोस पायी, भाताची शेतं संपली की तो कातळाचा उघडा माथा. गवताला विळखा घालून चढलेली बारीक वेल, आणि तिला ते फूल: बोटभर लांब, खाली फुगीर, वर पाच पाकळ्या शेंड्याला जुळलेल्या, जसा दिवाळीचा आकाशकंदील कुणी बाहुलीसाठी केलेला. तुम्ही गुडघ्यांवर बसता आणि मला आत बघायला लावता. आत एक चिलट अडकलंय. "घाबरू नको, मुक्कामाला आलंय ते. फूल सुकायला लागलं की सोडतंय त्याला." नीट दिसावं म्हणून मी वेल ओढते, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारता. पस्तिशी ओलांडलेल्या, लेकुरवाळ्या लेकीच्या हातावर! "हुच्ची, वेडी आहेस का गं? सगळ्या माथ्यावर मिळून नऊ वेली. गुराखी कंद उकरून खातात, रानडुकरं खातात, त्यातनं उरलेल्या ह्या. आणि तुला कशाला पाहिजे?" मी गाल फुगवून बसले. परतीच्या बसमध्ये मात्र तुम्ही खिशातलं भिंग काढून माझ्या मांडीवर ठेवलंत. "घे. ह्यानं बघायचं. हातानं नाही."

कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तेव्हा आपल्या स्वैपाकघरात येऊन चहा प्यायचे. ते म्हणाले, "काका, पुस्तकात ह्याची हद्द बेळगावच्या वरच संपते. इतकं खाली असेल तर फार मोठी गोष्ट आहे. पण नमुना पाहिजे. फुलासकट, कंदासकट, दाबून वाळवलेला. नुसत्या तुमच्या शब्दावर नोंद कशी करू?"

"मग नका करू," तुम्ही म्हणालात. "जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या मी. ह्याची त्यालाच ठरवू द्या की."

"पण नोंद नसलेल्या जागेला राखणार कोण, काका?"

तुम्ही बशीत चहा ओतत राहिलात.

पुढं काही वर्षांनी तुम्ही गेलात. दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी प्राध्यापकांनी त्यांच्या नव्या पुस्तकाची कच्ची यादी मला वाचायला दिली. त्या जातीपुढं 'नष्ट होण्याच्या वाटेवर' असं लिहिलेलं, आणि ठिकाणांत आपली टेकडी नव्हती. दर वर्षी न चुकता जाऊन तुम्ही वेली मोजल्यात, आणि तुमचं नाव कुठंच नाही. मी एकटीच बस धरून गेले. त्या वर्षी सहा होत्या. खुरप्यानं कातळाच्या खाचेतली माती उकरली, सुपारीएवढा कंद निघाला. घरी आणून वेलीसकट तुमच्या ट्रंकेतल्या जुन्या वर्तमानपत्रात दाबला, वर पाटा ठेवला. रोज कागद बदलायचा तोही त्याच गठ्ठ्यातला, तुमच्या हयातीतल्या तारखेचा.

वाळल्यावर तो प्राध्यापकांकडं नेऊन दिला. "अण्णांच्या ट्रंकेत सापडला," मी म्हटलं. त्यांनी कागदावरची तारीख बघितली, 'गोळा करणारा' ह्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं, आणि चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे शेवटी काकांनी हट्ट सोडला म्हणायचा! एक तरी तोडलंच की!" किती आनंदानं म्हणाले. अण्णा, जन्मात एक फूल न तोडलेला माणूस तुम्ही. "नाही, ते काम माझं," एवढं म्हटलं असतं तरी नोंद झाली असती, टेकडीही राखली गेली असती. फक्त नाव माझं लागलं असतं.

मी "हो" म्हटलं.

हे खरं तर प्राध्यापकांना लिहायला पाहिजे. अजून ठणठणीत आहेत, चार गल्ल्या पलीकडं राहतात. तुम्हाला लिहिते, कारण तुम्हाला लिहिलं की टपालात टाकावं लागत नाही.